रंगारी गल्लीची हरकत

लोक मला विचारतात, "माने, तुम्ही म्युनिसिपालिटीत होता म्हणजे नक्की करत काय होता?" पाणीपट्टीवाला लोकांना कळतो, जकात नाक्यावरचा कळतो, आरोग्य खात्यातला तर वासावरून कळतो. माझं काम सांगायला मात्र जरा वेळ लागतो. मी जमिनीला रंग देत होतो.

म्हणजे असं. सोलापुरात गिरण्या वाढल्या, गिरण्यांमागं माणसं आली, आणि जिथं जागा मिळेल तिथं जो तो बसला. तेव्हा शहराची आखणी करायचा कायदा आला. आम्ही शहराचा मोठा नकाशा टेबलावर पसरायचो आणि त्यावर रंग भरायचो. राहायच्या वस्तीला पिवळा, बाजाराला तांबडा, कारखान्याला जांभळा, मोकळ्या जागेला हिरवा. रंग एकदा पक्का झाला की त्या जागेवर दुसरं काही करता येत नाही. आणि कुणाला दुसरं काही करायचंच असेल, तर आधी नकाशावरचा रंग बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी दवंडी पिटायची, लोकांच्या हरकती मागवायच्या, त्या ऐकायच्या, कमिटीपुढं ठेवायच्या. हे सगळं करणारा कारकून मी.

मी माढ्याकडचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. मी पुण्याला जाऊन बी. ए. झालो, आणि हे मी आजही पहिल्या भेटीत सांगतो. कुणाला बढाई वाटली तर वाटू द्या. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या टांगल्यात त्यांनी विनय करावा, मला परवडत नाही.

हरकती घेऊन येणारी माणसं म्हणजे एक एक नमुना. अक्कलकोट वेशीकडचा एक वाणी नकाशा बघून संतापला होता. म्हणे, "माझ्या दुकानाला पिवळा आणि शेजाऱ्याला तांबडा का? कुंकू त्याला आणि हळद मला?" एकानं आपल्या थोरल्या भावाविरुद्ध हरकत दिली. जागेचा काही संबंध नाही, भाऊ थोरला आहे हीच हरकत. अशांना चहा पाजून वाटेला लावायची विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

पण सांगायची गोष्ट रंगारी गल्लीची आहे. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या थोडी आधीची.

गावाच्या एका कडेला ही गल्ली. बहुतेक घरं मुसलमान रंगाऱ्यांची, बोली दखनी. दारापुढं भट्ट्या, भट्ट्यांवर हंडे, आणि हंड्यांत उकळत्या रंगात सुताच्या लडी. हे सूत पद्मसाली, म्हणजे तेलुगू विणकर, घेऊन जायचे, लुगड्याच्या काठांना. गल्लीच्या मागं मैदान होतं. रंगवलेल्या ओल्या लडी तिथं बांबूंवर वाळत असायच्या. लांबून पाहिलं तर वाटावं, मैदानाला पताका लावल्यात. मैदान सरकारी. रंगाऱ्यांची वहिवाट होती, कागद नव्हता. आमच्या नकाशात ते हिरवं होतं.

एका पेढीला तिथं कापूस दाबून गठ्ठे बांधायचा प्रेस काढायचा होता. बॉयलर, धुराडं, गठ्ठ्यांची गोदामं. स्टेशन जवळ, जागा सपाट. पेढीनं अर्ज केला : हिरव्याचं जांभळं करा.

रीतीप्रमाणे गल्लीत दवंडी झाली. "ऐका हो ऐका, मैदानात प्रेस व्हायचा आहे, ज्याची कुणाची हरकत असेल त्यानं मुदतीत म्युनिसिपालिटीत हजर व्हावं." मुदत संपत आली तरी कुणी फिरकलं नाही. मग वॉर्डाचे इन्स्पेक्टर नाना घरोघर जाऊन आले. प्रत्येकाला विचारलं, "तुझी काही हरकत?" प्रत्येकानं सांगितलं, "नाही." नानांनी तसं लिहून अंगठे घेतले. नाना सरळ माणूस होते, कुणावर जोर केला नव्हता. आम्हा सगळ्यांनाच नवल वाटलं, पण बरंही वाटलं. एवढी शहाणी वस्ती!

कमिटीची बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी दोन बिगारी घेऊन मैदानावर गेलो, हद्दीच्या खुंट्या मारायला. दोन खुंट्या झाल्या, तिसरी मारतोय तोवर मागून आवाज आला, "ए! ये क्या कर रै?"

वळून पाहतो तर बिबनबी. गल्लीतली जुनी रंगारीण. नवरा गेल्यावर भट्टी तिनंच चालवली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, पदर खोचलेला, आणि हातात आम्ही मारलेली पहिली खुंटी. उपटून आणली होती. तिच्यामागं आणखी पाचसहा बायका.

"बी, इथं प्रेस होणार आहे," मी म्हणालो.

"परेस? बॉयलर का?"

"हो."

"और हमारा सूत? गीले सूत पे धुएं का काजल गिरा तो कौन लेता? पद्मसाली लोगां मेरे मूं पे मारते ना लडी!" तिनं खुंटी माझ्या पायाशी टाकली. "किसकू पूछ के करे?"

मला राग आला. बिगाऱ्यांसमोर खुंटी पायाशी पडली होती, आणि मी नवा बी. ए. होतो. म्हणालो, "तुम्हालाच विचारलं. दवंडी दिली, घरी येऊन विचारलं. हरकत नाही म्हणून अंगठा दिलात की तुम्ही!"

"हौ! दी ना अंगूठा! हरकत नै बोली!" ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "मैं कायकू हरकत करती? बेवा बाई हूं, इज्जत से रैती. हरकतां करते उनो टांगेवाले के पोट्टे. उनकू पकडो ना! इसपेक्टर घर कू आके मेरेकू पूछता, तेरी क्या हरकत? इत्ती उमर में मेरेकू!"

एक बिगारी हसायला लागला. मला हसू आलं नाही. 

वाचकांत दखनी न कळणारे असतील त्यांच्यासाठी सांगतो. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. त्यांच्या बोलीत हरकत म्हणजे वाईट चाळा, आगळीक. कुणाची कोंबडी चोरणं ही हरकत, पोरीबाळींची छेड काढणं ही हरकत. दवंडीत त्या गल्लीनं काय ऐकलं असेल? "मैदानात प्रेस होतोय, ज्यानं कुणी आगळीक केली असेल त्यानं म्युनिसिपालिटीत हजर व्हावं." प्रेस म्हणजे काय ते कळलं नाही, आणि आगळीक कबूल करायला कोण येतो मरायला! आणि घरी इन्स्पेक्टर आल्यावर प्रत्येकानं आपल्या अब्रूची ग्वाही देऊन अंगठा उठवला. आम्ही त्या ग्वाहीला संमती समजलो.

मी बिगाऱ्यांना थांबवलं. बायका मैदानातून हलल्या नाहीत. एकीनं दुसरी खुंटी उपटली, तेव्हा मी दुसरीकडं बघितलं.

संध्याकाळी चेअरमन रावसाहेबांकडं गेलो. रावसाहेब वकिली सोडून आलेले, शिस्तीचे, कुणाच्या पंगतीला न बसणारे. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

"माने, मुदत संपली," ते म्हणाले.

"साहेब, पण त्यांना प्रश्नच कळला नव्हता."

"कायद्यात शब्द हरकत आहे. तो मी बदलायचा की तुम्ही?"

"मी नाही. पण..."

"उद्या तेलुगू लोक म्हणतील आम्हाला कळलं नाही, परवा कानडी म्हणतील. मग गाव चालवायचं कसं? आणि तुम्ही अजून कायम झालेले नाही, विसरू नका. पेढीचे वकील बापूसाहेब उद्या येणार आहेत. ते तुम्हाला सोलून ठेवतील."

"त्या बाईला बैठकीला आणू का?"

रावसाहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "व्हरांडा सार्वजनिक आहे. तिथं कुणी बसावं याला माझी हरकत नाही." आणि स्वतःच त्या शब्दाला अडखळून माझ्याकडं रागानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी व्हरांडा भरला. आख्खी गल्ली आली होती, भट्ट्या विझवून. बिबनबीबरोबर तिचा मुलगा हसन होता, तरणाबांड, नखं निळी झालेली. आत टेबलाभोवती कमिटीचे मेंबर, त्यांत विणकरांपैकी एक सूतव्यापारी सिद्रामप्पा. एका बाजूला बापूसाहेब वकील. मी कोपऱ्यात. दाराशी आमचा पट्टेवाला मौला, पाण्याचे पेले घेऊन उभा. पंखा ओढला जात होता तरी शर्ट पाठीला चिकटला होता.

बापूसाहेबांनी बिबनबीला आत बोलावून घेतलं. अगदी गोड आवाजात.

"बाई, हा अंगठा तुमचा?"

"हौ."

"हरकत नाही, असं तुम्ही सांगितलंत?"

"बोली."

"कुणी मारलं, धमकावलं?"

"मेरेकू कौन मारता?"

"झालं," बापूसाहेब खाली बसले. "चेअरमनसाहेब, माझं काम संपलं."

मेंबर कागद आवरायला लागले. एकजण हात वर करायच्या बेतात होता. मी उभा राहिलो. कारकुनानं बैठकीत उभं राहायचं नसतं. 

"साहेब, एकच विचारतो. बी, हरकत म्हणजे काय?"

"हरकत बोले तो..." ती लाजली. इतक्या पुरुषांत कसं सांगावं? "बुरा काम. चोरी, छेडछाड."

बापूसाहेब हसले. "वा! छान पाठ करून घेतलंय. मानेसाहेब, शिकवणी घेता वाटतं? काल मैदानावर तुमची आणि बाईंची भेट झाली, हे मला ठाऊक आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरंच होतं, भेट झाली होती.  जे बोललो असतो ते पढवल्याचाच पुरावा झालं असतं. बिबनबीला मराठीतलं सगळं कळलं नसेल, पण आपल्याला खोटं पाडलं हे कळलं. तिनं ओठ घट्ट मिटले. गल्लीचं मैदान माझ्या डोळ्यांसमोर जांभळं होत होतं.

रावसाहेब वैतागले होते. माझ्यावर, बापूसाहेबांवर, उकाड्यावर. त्यांनी पाण्यासाठी हात पुढं केला. मौला पेला घेऊन पुढं आला, तसे ते एकदम त्याच्यावर खेकसले, "मौला! तुझी काय हरकत आहे?"

पेला फरशीवर. पाणी बापूसाहेबांच्या धोतरावर.

"कुछ बी नै साब!" मौलानं दोन्ही कान धरले. "अल्ला की कसम, मैं कुछ हरकत नै किया! खाली पानी भर रा था!"

 आधी सिद्रामप्पा हसला, मग सगळे हसले, व्हरांड्यातले न कळताच हसले. फक्त मौला आणि रावसाहेब हसत नव्हते.

"बापूसाहेब," रावसाहेब धोतराकडं बोट दाखवत म्हणाले, "ह्याला कुणी पढवलं?"

तो माणूस शिस्तीचा होता म्हणून मी त्याला भीत असे, आणि शिस्तीचा होता म्हणूनच त्यानं पुढं जे केलं ते केलं. जुने अंगठे रद्द. फेर दवंडी, नवी मुदत.

आता दवंडीत शब्द कुठला घालायचा? मी म्हणालो, "तक्रार घाला." मौला फरशी पुसत होता. खालूनच म्हणाला, "तकरार बोले तो झगडा, साब. झगडा करने कौन आता?" बी. ए.चा दुसरा शब्दही वाया गेला. शेवटी सिद्रामप्पा म्हणाला, "अहो, एवढं काय त्यात? नको म्हणा की. बाजारात मराठ्याला कळतं, दखन्याला नक्को कळतं, आमच्या तेलुगू बायका भाजीवालीला हेच म्हणतात. नको कळत न्हाई असा माणूस सोलापुरात दाखवा."

बापूसाहेबांनी नोंदवलं, की 'नको' हा कायद्याचा शब्द नव्हे. रावसाहेबांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं, आणि दवंडीही तशीच द्यायला सांगितली. "जिनकू मैदान में परेस नक्को, उनो आना!" दवंडीवाला हे ओरडत गल्लीतून गेला, तेव्हा म्हणे बायका भट्ट्या सोडून दारात आल्या आणि तिथल्या तिथंच ओरडायला लागल्या, "नक्को! नक्को!" त्यांना पुन्हा कचेरीत येऊन तेच सांगायला लावणं मला अवघड गेलं.

त्या आल्या. गल्लीतलं एकही घर मागं राहिलं नाही. हसन म्हणाला, "काजल गिरा तो हमारा धंदा खलास." सिद्रामप्पानं विणकरांच्या वतीनं सांगितलं, की काळे ठिपके पडलेल्या सुताचा काठ कोणती बाई नेसेल? कमिटीत मतं सारखी पडली आणि रावसाहेबांच्या मतानं अर्ज फेटाळला गेला. प्रेस पुढं दुसरीकडं झाला. मैदान हिरवं राहिलं. मी कायम झालो. मी दिसलो की बापूसाहेब नमस्कार करत, पण धोतर सावरून.

मी बिबनबीला सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं ती दुवा देईल, निदान चहा तरी. ती लडी पिळत होती. म्हणाली, "साब, एक बात बोलूं? पैले पूछना, बाद में ढोल बजाना. तुमे लोगां पैले ढोल बजाते."

हे मात्र मी धरून ठेवलं. त्यानंतर कुठंही रंग बदलायचा अर्ज आला की दवंडीच्या आधी मी त्या वस्तीत जाऊन बसत असे. तिथले लोक काय म्हणतात, कुठल्या शब्दात म्हणतात, ते ऐकत असे. वरचे म्हणत, हे कायद्यात नाही. मी म्हणे, कायद्यात मनाईही नाही. सोलापुरात राहून कचेरीचं मराठी पुरतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा मंगळवार बाजारात वांगी घेऊन दाखवावीत.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती.

काही वर्षं गेली. मार्शल लॉ होऊन गेला. गिरण्या रंगीत सूत स्वतःच काढायला लागल्या. पक्का रंग, एकसारखा, आणि विणकराला दारात. रंगारी गल्लीतल्या भट्ट्या एक एक करून थंड झाल्या. पोरं गिरणीत लागली. हसनही लागला, आणि कामाचा होता म्हणून थोड्याच दिवसांत चार माणसांवर जॉबर झाला. मैदानावरच्या पताका विरळ होत गेल्या. मग अर्ज आला : मैदानाचे प्लॉट पाडावे, घरं बांधायला, पहिला हक्क गल्लीतल्यांचा. हिरव्याचं पिवळं.

मी शिकलो होतो त्याप्रमाणे आधी गल्लीत गेलो. दवंडी नाही, इन्स्पेक्टर नाही. हसनच्या ओट्यावर बसलो. सगळे जमले. मी त्यांच्याच बोलीत विचारलं, "मैदान पे घरां होना, के नक्को?"

"होना," पहिला म्हणाला. दुसरा म्हणाला, "होना." एका खोलीत तीन बिऱ्हाडं, पावसाळ्यात भिंतीला पाणी. कोण नको म्हणेल?  हसननं मैदानाकडं पाहिलं, मग पोरांकडं. "होना, साब."

मी एकेकाचं लिहीत गेलो. जबरदस्ती नव्हती, शब्दाचा घोटाळा नव्हता, वकील नव्हता. माझ्या नोकरीत इतकी स्वच्छ सुनावणी मी दुसरी केली नाही. आणि लिहिताना माझा हात इतका जड कधी झाला नाही.

बिबनबी ओट्यावर आली नव्हती. गल्लीत तिची एकटीचीच भट्टी चालू होती, दोन जुने विणकर अजून तिच्याकडूनच लाल घेत. मी मैदानावर गेलो. ती लडी झटकून बांबूवर घालत होती. पाठीला बाक आला होता, हात तसेच लाल.

"बी, तुमचं?"

"नक्को."

मी लिहिलं. तिनं हनुवटी उचलून विचारलं, लिहिलं का? मी होकार दिला.

"बाकी के क्या बोले?"

"होना."

"हसन?"

मी कागदाची घडी घातली. तिनं पुढची लडी उचलली, दोन्ही हातांनी ताणली, झटकली. पाण्याचे लाल थेंब माझ्या कोटावर उडाले.

"इस बार बराबर पूछे तुमने," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बराबर पूछे." मग माझ्याकडं न बघता हातानं खूण केली. "अब उधर सरको, साब. सूत पे छाँव पड रई."